मालकांनी तपासलेली दुरुस्ती

जगभर फुकट वाटल्या जाणाऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात कीबोर्ड सांभाळणारी एक फाइल आहे. तिच्या डोक्यावर इंग्रजीत एक ओळ आहे. तिचा अर्थ असा: सोडलेल्या कीचा निरोप हरवत होता, ती चूक दूर केली, दुरुस्ती अमुक यांची, तपासणी तमुक यांची. त्यातला अमुक म्हणजे मी. तमुक म्हणजे गेवराई तालुक्यातले एक पुढारी. त्यांनी तोवर आयुष्यात कीबोर्डाची एकच की दाबली होती, तीही उद्घाटनाला. आणि ज्या बाईंनी ती चूक खरोखर शोधली त्यांचं नाव त्या ओळीत नव्हतं. वीस-बावीस वर्षं नव्हतं. मी घातलं नाही म्हणून नव्हतं.

सत्तरी उलटल्यावर माणसाला झोप कमी आणि आठवणी जास्त येतात असं म्हणतात. मला झोप व्यवस्थित येते. पण जेवायला बसलं की ती ओळ आठवते. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आमचं घराणं दिंद्रुडचं, किराणा दुकानाचं. मी तेवढा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून बीडला आलो आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्त करू लागलो. पेपरात खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण चालू झालं तेव्हा बीडमधल्या प्रत्येक बापाला एकाएकी वाटू लागलं की पोरानं कॉम्प्युटर शिकला पाहिजे. कॉम्प्युटर म्हणजे काय हे पोरालाही ठाऊक नव्हतं नि बापालाही. मला थोडंफार ठाऊक होतं, म्हणून मी क्लास काढला.

जागा मिळाली बाईंकडे. बस स्टँडच्या मागे त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. बारा टाइपरायटर, लांब बाकडी, भिंतीवर बोटांचा तक्ता. बाईंचे यजमान लवकर गेले होते आणि इन्स्टिट्यूट त्या एकट्याच चालवत होत्या. त्यांनी निम्मा हॉल मला दिला. मी मध्ये काचेचं पार्टिशन घातलं, दोन कॉम्प्युटर मांडले, त्यांना मखमली कव्हरं शिवली. आत चपला काढून यायचं. का, ते कुणी विचारलं नाही. देवघरात का काढतात तेही कुणी विचारत नाही. पार्टिशनच्या अलीकडे बाईंच्या बारा मशिनांचा खडखडाट आणि पलीकडे माझी शांतता. बाई मला आप्पा म्हणत.

उद्घाटनाला ते पुढारी आले. त्यांना सगळा तालुका मालक म्हणायचा, मीही म्हणायचो. तेव्हा ते जिल्ह्यातल्या कसल्यातरी समितीचे सभापती होते. फीत कापून झाल्यावर मी त्यांना की दाबायला सांगितली, म्हणजे पडद्यावर त्यांच्या स्वागताची अक्षरं येणार होती. त्यांनी दाबली. बोटात ठसठशीत अंगठी असल्यामुळे शेजारची पण दाबली गेली. पडद्यावर काहीच आलं नाही, कारण दोन मिनिटांपूर्वी लाइट गेली होती. टाळ्या मात्र वाजल्या. मालकांचा संगणकाशी आलेला संबंध तो एवढाच.

ती फुकटातली सिस्टिम मला एका मासिकासोबतच्या सीडीवर मिळाली. तिची गंमत अशी की तिचा सगळा कोड उघडा. कुणीही वाचावा. चूक दिसली तर दुरुस्त करून ईमेलनं पाठवावी. पलीकडच्या जाणकारांना पटली तर ते ती सगळ्यांसाठी आत घेणार. मला हे गावजेवणासारखं वाटलं. ज्याला जे जमेल ते त्यानं आणायचं, आणि कढईत पडलं की ते सगळ्यांचं. आपणही एखादी मिरची तरी टाकावी अशी मला फार हौस होती. पण माझ्या डोळ्याला चूक दिसायची नाही. दिसली ती बाईंच्या बोटांना.

बाईंना कॉम्प्युटर शिकायचा होता. गावातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबसाठी शिकवणारं माणूस हवं होतं, आणि टाइपरायटरचे दिवस भरत आलेत हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. दुपारी मशीन मोकळं असलं की त्या बसायच्या. मिनिटाला साठ शब्द, तेही कीबोर्डाकडे न बघता, खिडकीतून बाहेरच्या रिक्षा बघत. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाल्या, "आप्पा, मी शिफ्ट सोडली तरी तुमचं मशीन सोडंना. पुढचं अक्षर बी मोठंच उमटतंय."

मी म्हणालो, "बाई, तुमचा हात जड पडतोय. हे टाइपरायटर न्हाई, हळू दाबायचं."

"पंचवीस वर्षं पोरी पास करतेय मी. माझा हात जड?"

"सवय, बाई. दुसरं काय."

मी स्वतः दोन बोटांनी टाइप करायचो. माझ्याकडून कधीच काही अडकलं नव्हतं.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी एक वही घातली. पोरींच्या चुका मोजायची त्यांची जुनी पद्धत होती, तसेच रकाने पाडले: कोणतं अक्षर, किती वाजता, किती वेगात, आणि शेवटच्या रकान्यात फ्लॉपीचा दिवा चालू की बंद. पंधरा दिवसांनी वही माझ्यासमोर ठेवली.

"बघा. फ्लॉपीचा दिवा लागलेला असला आन मी बेगीन टाइप केलं, तरच शिफ्ट अडकती. दिवा नसला की न्हाई. हात जड असता तर त्या दिव्याला काय कळलं असतं?"

मी हसलो आणि वही ड्रॉवरमध्ये टाकली.

पुढच्याच आठवड्यात कॉलेजची तीन माणसं बाईंची परीक्षा घ्यायला आली, कारण चालू स्थितीतलं मशीन माझ्याकडेच होतं. त्यांनी एक पान टाइप करायला दिलं आणि ते फ्लॉपीवर ठेवायला सांगितलं. बाईंनी ते चहा यायच्या आत संपवलं. छापून आलेल्या पानावर जिथं-तिथं मोठी अक्षरं उगवली होती, ज्वारीत गवत उगवावं तशी. प्राचार्यांनी कागद लांब धरला आणि माझ्याकडे बघितलं. ड्रॉवरमध्ये वही होती. मी म्हणालो, "सर, टाइपरायटरची सवय. हात जड पडतो."

जागा परळीकडच्या एका गृहस्थाला मिळाली. ते दोन बोटांनी टाइप करायचे, त्यामुळे त्यांचं पान निर्मळ आलं.

वही मी उघडली ती त्यानंतरच्या रविवारी. मनाला टोचलं म्हणून उघडली असं लिहायला बरं वाटलं असतं. मी ड्रॉवरमध्ये टेस्टर शोधत होतो. वही हाताला लागली, चाळली, आणि त्या रकान्यांकडे बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख पडलं. की दाबली की मशीनला एक निरोप जातो, सोडली की दुसरा. मशीन फ्लॉपीत गुंतलं असलं की निरोप दारात थांबायचे. गुंता सुटला की मशीन दार उघडायचं, एक निरोप आत घ्यायचं आणि दार लावायचं. दुसरा दारातच. हळू टाइप करणाऱ्याचा दुसरा निरोप कधी दारात नसायचाच. बाईंचा असायचा. त्यातून आमचे कीबोर्ड लातूरहून आणलेले, बिननावाचे. चांगल्या मशिनांवर ही चूक कुणाला दिसली नसती. मी कोडमध्ये बघितलं. तिथं लिहिलं होतं: निरोप असेल तर घे. मी केलं: निरोप आहेत तोवर घेत राहा. एक शब्द बदलला. माझं योगदान म्हणाल तर ते एवढं, एक शब्द.

पण तो गाभा नव्यानं बांधायला माझ्या मशीनला सलग पाच तास वीज लागायची. बीडमध्ये सलग पाच तास वीज तेव्हा फक्त मंत्री मुक्कामाला असला की असायची. चौथ्या दिवशी एक मंत्री आले आणि माझं काम झालं. बाईंना बसवलं, फ्लॉपी फिरवत ठेवली. बाईंनी पानभर टाइप केलं. एक अक्षर अडकलं नाही.

"सुटली की," बाई म्हणाल्या. मग, "म्हंजी हात जड नव्हता."

"तसं न्हाई," मी म्हणालो, "दोन्ही होतं."

आता पत्र. मला इंग्रजी पत्र टाइप करायला अर्धा दिवस लागायचा, म्हणून मी सांगितलं आणि बाईंनी टाइप केलं. होय, बाईंनीच. मी फेऱ्या मारत सांगू लागलो की आपल्या कीबोर्डाच्या कोडमध्ये अशी अशी चूक आढळली आहे. बाईंचे हात थांबले.

"आप्पा, 'आय' लिवू का 'वी'?"

पार्टिशनपलीकडे बारा मशिनं खडखडत होती. मला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय होती.

"'आय' लिहा," मी म्हणालो. "इंग्रजीत तसंच लिहितात."

बाईंनी 'आय' लिहिलं. पुढं कुठंही थांबल्या नाहीत.

तेव्हा बीडहून ईमेल करायचा तर एसटीडी लावून करावा लागे आणि लाइन मध्येच तुटे. म्हणून मी फ्लॉपी जेवणाच्या डब्यात घालून एसटीनं औरंगाबादला गेलो आणि तिथून पत्र पाठवलं. उत्तर नाही. महिन्यानं पुन्हा गेलो, पुन्हा पाठवलं. उत्तर नाही. आता आम्हा लोकांच्या मनाची घडण अशी की अर्जाला दोनदा उत्तर आलं नाही म्हणजे अर्जात चूक असेल असं आम्हाला वाटतच नाही. शिफारस नसेल असं वाटतं. विहिरीच्या मोटरीपासून पोरीच्या ॲडमिशनपर्यंत कुठलाही कागद मी बिनशिफारशीचा हललेला बघितला नव्हता. मी मालकांकडे गेलो.

मालक ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "अमेरिकेत आपल्या पार्टीचं कोण हाय?"

"कुणी न्हाई, मालक."

"मंग कुणाच्या नावानं द्यायचं पत्र?"

"जो संबंधित असंल त्याला."

"त्यो कुठं बी असतोच," मालक म्हणाले आणि लेटरहेड काढलं. मजकूर त्यांच्या माणसाला पाठ होता. सदर इसम माझ्या चांगल्या परिचयाचे असून होतकरू व निर्व्यसनी आहेत, तरी त्यांच्या दुरुस्तीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. मी त्याचं इंग्रजी केलं, बाईंनी ते टाइप केलं, आणि दुरुस्तीच्या खाली ते चिकटवून मी तिसऱ्यांदा डबा घेऊन निघालो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या इतिहासात निर्व्यसनीपणाचा दाखला जोडलेली दुरुस्ती बहुधा तेवढीच.

आणि उत्तर आलं. आठ दिवसांनी गेलो तर येऊन पडलं होतं. आज मला कळतं की त्या माणसाला त्या दिवशी वेळ झाला, एवढंच. पण तेव्हा माझी खात्री पटली की शिफारस साता समुद्रापार चालते. दुरुस्ती योग्य दिसते, असं त्यानं लिहिलं होतं. तुमचे सभापती कोण ते मला कळलं नाही. पण तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणी ही दुरुस्ती तपासली आहे का? त्यांचंही नाव लिहीन.

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं. ज्या बाईंनी तपासली होती त्या बीडमध्ये बसून मी काय उत्तर घेऊन येतो याची वाट बघत होत्या. मी काय विचार केला तो जसाच्या तसा सांगतो. बाईंचं नाव लिहिलं तर चूक मशीनची होती हे जगजाहीर होणार, कॉलेजपर्यंत जाणार, आणि मी प्राचार्यांपुढं काय बोललो ते उघडं पडणार. मालकांचं नाव लिहिलं तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. त्यांनी पत्र दिलं होतं, आणि पत्र देणाऱ्याचं नाव घालायची आपल्याकडे रीतच आहे. शिवाय त्यांनी की दाबली होती. लाइट नव्हती, पण दाबली होती. मी लिहिलं: होय, सभापतींनी स्वतः तपासली.

दुरुस्ती आत घेतली गेली आणि बीडमध्ये माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. मालक भाषणात म्हणाले, "आज अमेरिकेतला मानूस शिफ्ट दाबतो आन सोडतो, ती सुटती कुणामुळं? आपल्या बीडमुळं." शिफ्ट म्हणजे काय हे त्यांनी स्टेजवर चढताना मला विचारून घेतलं होतं. पुढं दोन निवडणुकांत ते हे वाक्य बोलले. मला मिळालेलं मानपत्र बाईंनी टाइप केलेलं होतं. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या आणि योग्य ठिकाणी टाळ्या वाजवत होत्या. घरी येऊन मी मानपत्रात चूक शोधली. एखादी तरी राहिली असती तर बरं वाटलं असतं. एकही नव्हती.

टाइपरायटर गेले, मग माझा क्लासही गेला. बाई बीडजवळच पालीला मुलाकडे राहायला गेल्या. मी बीडमध्येच राहिलो, बाजारात लोक मला अमेरिकावाले आप्पा म्हणत राहिले. मध्यंतरी घरी इंटरनेट आलं आणि एका दुपारी मी स्वतःचंच नाव शोधलं. म्हाताऱ्या माणसानं दुसरं काय शोधावं. ती ओळ निघाली, जशीच्या तशी. त्या फाइलीत वरखाली सगळं बदललं होतं, ती ओळ राहिली होती. लाखो मशिनांत माझं खोटं व्यवस्थित चालत होतं.

मी ती फाइल आता सांभाळणाऱ्याला लिहिलं. सगळं लिहिलं, वही, कॉलेज, लाइट नसताना दाबलेली की, सगळं. त्यानं दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं. बाईंचं नाव आनंदानं घालीन. पण दुसऱ्या कुणाचं नाव काढायचं तर त्या व्यक्तीचं म्हणणं हवं. आणि ज्यांचं नाव घालायचं त्यांनाही एकदा विचारा.

मी पालीला गेलो. बाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी पाणी पिऊन सगळं एका दमात सांगितलं, तपासणीच्या ओळीसकट, कारण ते उत्तर मी औरंगाबादेतच दोन बोटांनी टाइप केलं होतं आणि बाईंना त्याचा पत्ता नसेल अशी माझी समजूत होती.

"मला ठावं हाय," बाई म्हणाल्या. "सत्कारात मालक बोलले की. आन ते मानपत्र मीच टाइप केलतं. त्यात लिवलं होतं सभापतींनी तपासली म्हणून."

"मंग तुमी काही बोलल्या कावून न्हाईत, बाई?"

"तुमी बोलताल म्हणून." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लई टाइम लावला, आप्पा."

मी कॉलेजचं काढलं. त्यांनी हातानं थांबवलं. "ते ऱ्हाऊ द्या. ते कुठं बदलता येतंय. हे बदलतंय तर बदला. नाव घाला माझं."

एका आठवड्यात ते झालं. चूक शोधली बाईंनी, असं ओळीच्या सुरुवातीलाच आलं. मी छापून नेलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं, स्पेलिंग तपासलं. मग बोट पुढं सरकवलं. "हे आजून हायच की."

म्हणजे मालक. मी गेवराईकडे गेलो. मालक आता सगळ्याच पदांवरून उतरलेले. ओटा तोच, माणसं कमी. मी हात जोडून सांगितलं की ते तपासणीचं खोटं आहे, नाव काढायला संमती द्या.

"आप्पा," ते म्हणाले, "लग्नाच्या पत्रिकेत छापल्यालं नाव कुणी खोडतं का? वर घाला म्हणावं बाईंचं नाव. माझं खाली असू द्या. आता तेवढंच ऱ्हायलंय बे." हे शेवटचं ते हळू बोलले, आणि मला पुढं रेटवलं नाही.

पालीला परत येऊन बाईंना सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "खोडून देत न्हाईत ना? मंग खरं करा. घिऊन या त्यांना. तपासू द्या."

"बाई, ती चूक वेगात टाइप केलं तरच दिसती. मालकांना ए कुठं हाय ते ठाऊक न्हाई."

"शिकतील. त्यांना काय काम हाय आता?"

माझं जुनं मशीन माळ्यावर होतं. ते उतरवलं, चालू केलं. लातूरच्या कीबोर्डासकट आणि दुरुस्तीआधीच्या जुन्या गाभ्यासकट चालू झालं, तेव्हा मीच दचकलो. ते पालीला बाईंच्या पडवीत मांडलं. मालक येतील असं मला वाटलं नव्हतं. ते पहिल्याच गुरुवारी जीप घेऊन आले, पडवीच्या पायरीवर थांबले, आणि कुणी न सांगता चपला काढल्या.

आता तिसरा महिना चालू आहे. बाईंच्या मते मिनिटाला पंधरा शब्द झाल्याशिवाय ती चूक दिसायची नाही. मालक नवावर आहेत. पहिल्याच धड्याला बाईंनी त्यांना अंगठी काढायला लावली. निवडणूक हरल्यावरही न काढलेली अंगठी त्यांनी काढून कनवटीला लावली. फाइल सांभाळणाऱ्याला मी कळवलं आहे की तपासणी चालू आहे, थोडा धीर धरावा. ते पत्रही पडवीतच लिहिलं. बाई सांगत होत्या, मी दोन बोटांनी टाइप करत होतो. त्यांनी सांगितलेलं पत्र दोन ओळींचं होतं आणि त्याला मला पाऊण तास लागला, कारण चौथ्या शब्दाला त्यांनी मला थांबवलं.

"आप्पा, दोन बोटं न्हाई. समदी दहा ठेवा. आन खाली बघू नका."

शेजारी मालक खाली बघून हसले.

"तुमी बी, मालक," बाई म्हणाल्या. "मान वर."